लायसन नाही म्हणून पैसे बुडतात का?

प्रश्न: आयटीआयला ‘मेकॅनिक रेफ्रिजरेशन अँड एअर कंडिशनिंग’ केलं. नऊ वर्षं नांदेडात एसीची कामं करतो. अर्धापूरच्या एका केळी व्यापाऱ्याला रायपनिंगच्या (केळी पिकवायच्या) दोन खोल्या करून दिल्या. कूलिंग युनिट, हिवाळ्यासाठी हीटर, पॅनलपासून थ्री फेज वायरिंग, सगळं मीच केलं. बिल 4,13,000 चं, मिळाले 2,40,000. कोटेशन, बिल आणि त्याचे व्हॉट्सॲप मेसेज सोबत जोडलेत. आता म्हणतो, ‘तुझ्याकडं लायसन कुठंय? काम बेकायदेशीर, पैसे विसर.’ लायसन कुठं काढायचं? नाहीतर युनिट उचलून आणू का?

उत्तर: व्यापारी अर्धं खरं बोलतोय, आणि वकिलाला तेच जास्त त्रासाचं असतं.

एसी किंवा कूलिंग बसवण्यासाठी ‘एसी कंत्राटदार’ असं वेगळं सरकारी लायसन आपल्याकडे नाही. लायसन लागतं ते विजेच्या कामाला. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या 2023 च्या सुरक्षा विनियमांप्रमाणे हे काम परवानाधारक विद्युत कंत्राटदारानेच, सक्षमता प्रमाणपत्र असलेल्या माणसाच्या देखरेखीखाली करायचं. 250 व्होल्टपर्यंतचं घरगुती उपकरण बदलायला सूट आहे, म्हणून घरच्या एसीत तुम्हाला कधी कुणी अडवलं नाही. थ्री फेज त्या सुटीत बसत नाही. म्हणजे कूलिंगचं काम तुमचं, वायरिंगचं नव्हतं.

तुमचं नशीब की कोटेशन ओळीओळीने आहे आणि वायरिंगचे 38,000 वेगळे लिहिलेत. ठोक रक्कम असती तर भारतीय करार कायद्याच्या कलम 24 वर (वेगळा न निघणारा एक भाग बेकायदेशीर, तर सगळा करार रद्द) बोट ठेवून समोरच्याने अख्खा करारच रद्द म्हटलं असतं. आता तो वाद बहुतेक त्या 38,000 पुरता राहील. शिवाय कलम 70 आहेच: फुकट म्हणून न केलेल्या कामाचा फायदा घेतला, तर मोबदला द्यावा लागतो. त्या खोल्यांत त्याची केळी रोज पिकतायत.

खरी चूक बिलात आहे. 3,50,000 वर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 63,000 लावलेत, आणि तुमचा जीएसटी नंबरच नाही. उलाढाल 20 लाखांच्या आत असल्याने नोंदणी लागत नव्हती हे ठीक, पण नोंदणी नसताना कर वसूल करता येत नाही. ते 63,000 सोडा. उरले 1,10,000, त्यातले वायरिंगचे 38,000 वगळून 72,000 भक्कम. हा आकडा ऐकून वाईट वाटेल, पण कोर्टात टिकणारा हाच.

आधी परवानाधारकाकडून वायरिंग तपासून, लागेल तिथे दुरुस्त करून घ्या. नुसता त्याचा शिक्का भाड्याने आणू नका, हा धंदा सगळीकडे चालतो. मग दुरुस्त बिलासह वकिलाची नोटीस. पैशांची मुदत ठरली नसेल तर काम संपल्यापासून तीन वर्षांत दावा लावावा लागतो. त्याचं व्हॉट्सॲपवरचं ‘काम एक नंबर झालं भाऊ’ पुसू नका. कोर्टात देताना सोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं, प्रमाणपत्र लागेल.

लायसनची चौकशी विद्युत निरीक्षक कार्यालयात करा. देखरेख करणारा पर्यवेक्षक तुम्ही स्वतःच असलं पाहिजे असं नाही, प्रमाणपत्रधारक पदरी ठेवता येतो. तोवर वायरिंग परवानाधारकाला द्या, बिलही त्याचंच.

युनिटला मात्र हात लावू नका. खोलीत माल असताना कूलिंग बंद पडलं, तर काळ्या पडलेल्या केळीचा दावा तुमच्यावरच येईल.