वादळ कमजोर पडलं म्हणे, मग गंजी झाकू का नको?

प्रश्न : भाऊ, टीव्हीवर कालपासून सांगून राहिले का बंगालच्या उपसागरातलं वादळ आंध्रच्या किनाऱ्याले लागायच्या आधीच कमजोर पडून राहिलं. माझं चार एकर सोयाबीन सोंगून वावरात पडलं आहे, थ्रेशरवाला म्हणते परवा येतो. वादळ मरतच असन तर नव्या ताडपत्रीचा खर्च कायले करू? (एक शेतकरी, दारव्हा तालुका, जि. यवतमाळ)

उत्तर : दादा, परवाची वाट पाहू नका, आजच गोळा करून गंजी लावा. "कमजोर" हा शब्द वाऱ्याचा आहे, पाण्याचा नाही, अन् आपण दरवेळी इथंच फसतो. वारा ताशी ८९ किमीच्या वर गेला की तीव्र चक्रीवादळ, ६२ ते ८८ म्हणजे साधं चक्रीवादळ, त्याच्या खाली डीप डिप्रेशन, मग डिप्रेशन (म्हणजे वादळापेक्षा कमी जोराचे कमी दाबाचे पट्टे). या पायऱ्या उतरल्या म्हणून पाऊस उतरतो असं कुठंच नाही.

वादळ जगते ते गरम पाण्यावर, समुद्र साधारण साडेसव्वीस डिग्री तरी पाहिजे अन् तोही नुसता वरवर नाही, चांगला खोलवर. किनाऱ्याजवळ येता येता जमिनीकडची कोरडी हवा आत घुसली, नाहीतर वरचा वारा एकीकडे अन् खालचा दुसरीकडे असं झालं, की त्याचं डोकं धडावर राहत नाही. किनारा ओलांडला की खालून वाफच बंद. पण आधी ओढून घेतलेली वाफ जाईल कुठं? ती घेऊन ते तेलंगणातून आपल्याकडं सरकते. आंध्रच्या किनाऱ्यावरचं काकीनाडा ते यवतमाळ सरळ रेषेत साडेपाचशे-सहाशे किमी, म्हणजे ताशी १५-२० नं चाललं तरी दीड-दोन दिवसात आपल्या डोक्यावर. अन् रेंगाळलं तर जास्त वाईट, एकाच जागी सांडत बसते.

२०२१ चं गुलाब वादळ आठवा. २६ सप्टेंबरला आंध्रच्या उत्तर किनाऱ्यावर धडकलं, जमिनीवर येताच ढिलं पडलं, आपण म्हटलं सुटलो. मग विदर्भ-मराठवाड्यात असा पाऊस ओतला की नाले रस्त्यावर आले. अन् हे मेलेलं वादळ पुढं अरबी समुद्रात उतरून परत जिवंत झालं, शाहीन नावानं थेट ओमानला जाऊन धडकलं! त्या पावसात माझ्या मामाची गंजी वरून कोरडी दिसत होती, मी आत हात घातला तर गरम वाफ लागली अन् मूठभर शेंगा बाहेर काढल्या तर प्रत्येकीला पांढरे कोंब. झाकली होती, पण सखल जागी, पाणी खालून शिरलं.

म्हणून गंजी उंचवट्यावर घ्या, खाली कापसाच्या जुन्या पऱ्हाट्या अंथरा, चहूबाजूनं चर काढा, ताडपत्रीवर दगड ठेवा, नुसती दोरी वाऱ्यात टिकत नाही. जुनी ताडपत्री असेल तर आधी उन्हासमोर धरून भोकं पहा, नवी घ्यायची का नाही ते तिथंच कळते. कापूस फुटला असेल तर तोही वेचून घ्या. वादळाच्या नावापेक्षा नागपूरच्या हवामान केंद्राचा आपल्या जिल्ह्यासाठीच्या इशाऱ्याचा रंग पहा, अन् वावरात माणसं असतील तर मोबाइलमध्ये विजेसाठी दामिनी ॲप ठेवा.

थ्रेशरवाल्याला मात्र आजच फोन करा की परवा नको, पाऊस उघडून दोन दिवस कडक ऊन पडलं की ये. तोवर उघाड दिसली की ताडपत्री थोडी वर करून गंजीला हवा लागू द्या.