'लक्षात होते' म्हणणाऱ्या मुलीस

प्रिय मुली,

तुझे पत्र दोनदा वाचले. दुसऱ्या अंकाच्या आरंभी ब्लॅकआउटमध्ये, म्हणजे मंचावरचे सगळे दिवे घालवलेले असताना, तुझ्या हातून टेबल दीड हात पुढे ठेवले गेले, त्या टेबलाशी बसणारी मुलगी स्पॉटच्या झोताबाहेर गेली आणि तिचा सगळा प्रवेश अर्ध्या अंधारात झाला, हे वाचून वाईट वाटले. परंतु मी आजच्या आज उत्तर लिहायला बसलो ते तुझ्या एका वेगळ्याच वाक्यामुळे. 'मला सगळे लक्षात होते, तरी दोष माझ्यावर आला,' असे तू लिहिले आहेस. अगं, लक्षात होते हीच तर चूक झाली. रंगमंचामागे जे लिहिलेले नाही, ते ठरलेलेच नसते.

तुमच्या तालमी वर्गात झाल्या आणि प्रयोग मोठ्या रंगमंचावर. वर्गात तुझ्या पायांना सवय झाली होती ती चार पावलांची. मंचावर तेवढीच चार पावले दुसरीकडेच घेऊन गेली. उजेडातून अंधारात आल्यावर डोळे पुरते सरावायला 20 ते 30 मिनिटे लागतात आणि तुझ्या हाती होते जेमतेम 15 सेकंद. अशा वेळी स्मरणशक्ती कितीही तल्लख असली तरी ती जमीन दाखवत नाही. टेबलाच्या मागच्या दोन पायांपाशी रंगीत चिकटपट्टीच्या खुणा कर, प्रत्येक प्रवेशासाठी वेगळा रंग ठेव, आणि त्या खुणांवरही विसंबू नकोस, कारण सकाळी मंच झाडणारा माणूस त्या उचकटून टाकतो. प्रत्येक खूण मध्यरेषेपासून किती अंतरावर आणि मंचाच्या पुढच्या कडेपासून किती अंतरावर, ही दोन मापे वहीत असली की ती पुन्हा करायला दोन मिनिटे पुरतात. नसली, तर प्रत्येकाच्या आठवणीतले टेबल वेगळ्या जागी असते.

नेपथ्य सोडून प्रकाशयोजनेकडे वळू का, असे तू विचारतेस. अवश्य वळ, पण या कामापासून पळण्यासाठी नको. नटाच्या चेहऱ्यावर दोन्ही बाजूंनी 45 अंशांतून, एका बाजूने उबदार आणि दुसऱ्या बाजूने थंड छटेचा प्रकाश टाकण्याची, स्टॅनली मॅकँडलेस या अमेरिकन प्रकाशयोजनाकाराने 1932 साली मांडलेली पद्धत तुला एका संध्याकाळी समजेल. डीएमएक्स या दिवे नियंत्रित करण्याच्या पद्धतीत एका जाळ्यात 512 चॅनेल असतात आणि प्रत्येकाची तीव्रता 0 ते 255 या आकड्यांत ठरते, हेही कळायला वेळ लागणार नाही. अडचण येते ती कोणता दिवा कोणत्या चॅनेलवर आहे, त्यात कोणता रंगीत कागद आहे आणि तो कोणाच्या उभे राहण्याच्या जागेवर रोखला आहे, हे एकाच्याच डोक्यात असते तेव्हा. तो एक जण आजारी पडला की बाकीचे शिडी घेऊन दिव्यामागून दिवा तपासत बसतात. तेव्हा तिकडे गेलीस तरी वही सुटणार नाही.

आता माझे सांगतो. चोविसाव्या वर्षी एका नाटकाचा मंच माझ्याकडे होता. त्या दिवशी विंग अरुंद निघाली म्हणून दोन फूट उंचीच्या लेव्हलची, म्हणजे मंचावरच्या चौथऱ्याची, पायरी मी डावीकडून उजवीकडे हलवली आणि सर्वांना जातीने सांगितले. सर्वांना, म्हणजे त्या वेळी हजर असलेल्या सर्वांना. एक बदली नट उशिरा आला, रंगपटातून थेट एन्ट्रीला उभा राहिला, आणि ब्लॅकआउटमध्ये जिथे पायरी असायची तिथे त्याने पाय टाकला. त्याचे मनगट मोडले. पुढे कित्येक वर्षे मी प्रत्येकाला ऐकवत राहिलो की मी सांगितले होते. ते खरेही होते. पण रंगपटाच्या दारावर चार ओळींचा कागद लावायला मला एक मिनिट लागले असते, आणि तो कागद त्या नटाने येता येता वाचला असता.

तेव्हापासून मंचावरचा प्रत्येक बदल दारावरच्या कागदावर चढल्याशिवाय आणि त्याखाली प्रत्येक नटाची सही आल्याशिवाय मी तिसरी घंटा होऊ देत नाही. यावरून लोक माझ्यावर चिडले आहेत. एका संस्थेने मला हेकट ठरवून पुढच्या नाटकाला बोलावले नाही. त्या वेळी मन फार दुखावले, तरीही मी चुकलो असे मला आजही वाटत नाही. प्रेक्षक खोळंबले तर दहा मिनिटे कुरकुर करतात. मोडलेले मनगट घेऊन तो मुलगा तीन महिने घरी बसला होता. मला कोणी कितीही समजावले तरी या दोन गोष्टी एका तराजूत घालणे मला जमणार नाही, आणि तुलाही जमू नये अशी माझी इच्छा आहे.

तेव्हा रडणे थांबव आणि संहितेची एक प्रत सुटी करून घे. डाव्या पानावर संवाद चिकटव, उजवे पान कोरे ठेव आणि त्यावर प्रत्येक क्यू, म्हणजे बदल करण्याची प्रत्येक खूण, त्याच्या नेमक्या शब्दासमोर लिही: कोणत्या शब्दावर, काय हलते, कोण हलवते, किती सेकंदांत. पेनाने लिहू नकोस, कारण रंगीत तालमीपर्यंत निम्म्या नोंदी खोडाव्या लागतात. 12 आणि 13 या क्यूंच्या मध्ये नवा आला तर त्याला साडेबारा म्हण. पुढचे सगळे आकडे बदलत बसलीस तर जुन्या आकड्यांवर तयार झालेली मुले गोंधळतील. प्रॉपर्टीच्या, म्हणजे नटांनी मंचावर हाताळायच्या वस्तूंच्या, टेबलावर पांढरा कागद पसरून प्रत्येक वस्तूभोवती रेघ ओढ आणि आत तिचे नाव लिही, म्हणजे पत्र किंवा कंदील जागेवर नसला तर ती रिकामी रेघ तुला पडदा उघडण्याआधीच दिसेल.

पुढचा प्रयोग तीन आठवड्यांनी आहे, असे तू लिहिले आहेस. त्याआधी दुसऱ्या अंकाच्या त्या बदलाचे पान मला पाठव. टेबलाची दोन्ही मापे त्यात असावीत, आणि तुझ्याबरोबर टेबल उचलणाऱ्या मुलाने ते पान वाचून खाली सही केलेली असावी.

तुझा,
काका