पीएचडीला निघण्याआधी विचार : फोटो कुठून येणार?

सायली, तुझा मेल सावकाश वाचला. फर्मागुढीहून इलेक्ट्रॉनिक्सची पदवी, मग वेर्ण्याच्या कंपनीत नोकरी, आणि आता रेटिनाच्या, म्हणजे डोळ्याच्या आतल्या पडद्याच्या, फोटोंवरून डोळ्यांचे आजार लवकर ओळखण्यावर पीएचडी. ‘दादा, इंग्लंडला येऊ की युरोपात जाऊ, आणि आधी आजोबांच्या नावावर पोर्तुगीज पासपोर्ट करून घेऊ का?’ असं तू विचारलंस.

पासपोर्टचं आधी सांगतो, कारण फोंड्याला घरात त्याचीच चर्चा चालू असणार. आजोबा १९ डिसेंबर १९६१ च्या आधी, पोर्तुगीज राजवटीत, गोव्यात जन्मले, म्हणजे वाट आहे. पण त्यांची नोंद पोर्तुगालात करायची, मग वडिलांची, मग तुझी, आणि जुन्या कागदावर नावाचं स्पेलिंग एक, शाळेच्या दाखल्यावर दुसरं असलं की आधी त्या दुरुस्त्या. ते नागरिकत्व घेतलं की भारताचं जातं. ब्रेक्झिटनंतर नव्याने येणाऱ्याला त्या पासपोर्टवर इंग्लंडमध्ये राहण्याचा हक्क मिळत नाही. आणि नेदरलँड्ससारख्या देशात पीएचडी ही बहुधा चार वर्षांची पगारी नोकरीच असते, तिथे भारतीय पासपोर्टवरही जाता येतं. आयुष्यभर युरोपात राहायचं घरच्यांनी मिळून ठरवलं असेल तर तो वेगळा विचार. पीएचडीसाठी म्हणून त्यात अडकू नकोस.

आता देशाचं. माझं स्पष्ट मत असं की देश, शहर, विद्यापीठाचं नाव, सगळं नंतर बघ. आधी बघ की ज्यांच्या हाताखाली काम करायचंय त्यांच्याकडे रुग्णांचे फोटो कुठून येतात.

तू लिहिलंस की फोटो बघून आजार ओळखणारं संगणकाचं मॉडेल बनवायला तुला जमेल. जमेलच, त्याची काळजी नाही. मधुमेहात रेटिनावर पहिल्यांदा दिसतात ते बारीक लाल ठिपके, म्हणजे केशवाहिन्यांना आलेले फुगे. ते साध्या फंडस फोटोत, म्हणजे बाहुलीतून काढलेल्या डोळ्याच्या मागच्या भागाच्या फोटोत, टिपता येतात. नांदेडच्या क्लिनिकमधल्या रुग्णांचे ५१६ फोटो ‘आयडीआरआयडी’ नावाने २०१८ मध्ये सर्वांसाठी खुले झाले. त्यातल्या ८१ फोटोंवर आजाराच्या खुणा अगदी पिक्सेलपर्यंत केलेल्या आहेत. आजच उतरवून घे आणि हात बसव. पण त्यावर ‘आज आजार आहे की नाही, असला तर किती’ एवढंच शिकता येतं. तुला हवंय ‘लवकर’. लवकर हा शब्द सिद्ध करायचा तर त्याच माणसाचा डोळा ठीक असतानाचा फोटो हवा, दोन वर्षांनंतरचा हवा, पाच वर्षांनंतरचा हवा, आणि शेवटी नजरेचं काय झालं तेही ठाऊक हवं. काचबिंदूत तर बाजूची नजर गेल्याचं माणसाला कळण्याच्या बरंच आधी मज्जातंतूंचा थर पातळ होऊ लागतो. हा थर ओसीटी नावाच्या तपासणीने मोजतात. सुमारे पाव मिलिमीटर जाडीच्या रेटिनाचे थर वेगवेगळे दाखवणारं हे तंत्र १९९१ मध्ये अमेरिकेत पुढे आलं. पण एकाच दिवशीचं ओसीटी हातात असलं तर थर पातळ झालाय की त्या माणसाचा तो जन्मतःच तसा आहे, हे कसं ठरवणार?

इंग्लंड मला पटतं ते यासाठी. इथे २००३ पासून मधुमेहींच्या डोळ्यांची तपासणी सरकारी आरोग्यसेवेत उभी राहिली. बारा वर्षांच्या आणि त्यावरच्या प्रत्येक मधुमेहीला ठरावीक काळाने फोटोसाठी बोलावणं येतं. म्हणजे फोटोंचा इतिहास तयार आहे. पण तो कोणालाही मिळत नाही. परवानग्या हातात नसलेल्या गाईडकडे गेलीस तर साडेतीन वर्षांतलं एक वर्ष अर्जांत जाऊ शकतं. म्हणून पहिल्याच पत्रात विचार : फोटो कुठल्या हॉस्पिटलचे, परवानगी मिळालेली आहे की मागायची आहे, त्याच रुग्णांचे पुढचे फोटो आहेत का, खुणा कोण करतं. लंडनचं मूरफील्ड्स आणि यूसीएल, लिव्हरपूल, नेदरलँड्समधलं नाइमेखेन, व्हिएन्ना; सगळीकडे हेच विचार. नीट उत्तर देणारा गाईड लहान गावातला असला तरी निवड.

पैशांचं थोडक्यात. इंग्लंडमध्ये यूकेआरआयचा, म्हणजे संशोधनाला सरकारी निधी देणाऱ्या संस्थेचा, किमान स्टायपेंड २०२५-२६ साठी वर्षाला २०,७८० पौंड होता. परदेशी विद्यार्थ्यांच्या फीमधला फरक कोण भरणार ते लेखी घे. व्हिसाबरोबर आरोग्य अधिभार वर्षाला ७७६ पौंड, तोही सगळ्या वर्षांचा एकदम. क्षयाची तपासणी मंजूर क्लिनिकमध्येच करावी लागते. अभियांत्रिकी किंवा संगणक विभागात प्रवेश मिळाला तर एटीएएसचं प्रमाणपत्र, म्हणजे काही तांत्रिक विषयांसाठी परदेशी विद्यार्थ्यांना लागणारी ब्रिटिश सरकारची मंजुरी, लागेल का ते आधीच विचार. त्याला वेळ लागतो. लग्नाचं घरात चाललंय असं लिहिलंस म्हणून सांगतो, पीएचडीच्या विद्यार्थ्याला जोडीदाराला बरोबर आणता येतं, साध्या मास्टर्सवाल्यांना २०२४ पासून येत नाही.

आणि निघण्याआधी एक काम गोव्यातच कर. बांबोळीला गोमेकॉच्या, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या, नेत्रविभागात, किंवा एखाद्या तपासणी शिबिरात, परवानगी घेऊन फोटो काढणाऱ्या तंत्रज्ञाजवळ काही दिवस बस. मोतीबिंदू असलेल्या आजीचा फोटो धुरकट का येतो, बाहुली लहान राहिली की कडा काळ्या का पडतात, माणूस थकला की नजर का हलते, हे बघ. थायलंडमध्ये मधुमेहींच्या रेटिनाचे फोटो तपासणारी गूगलची यंत्रणा प्रत्यक्ष दवाखान्यांत लावली तेव्हा पाचातला जवळजवळ एक फोटो तिने नीट नाही म्हणून नाकारला होता. प्रयोगशाळेत बसून ते कळत नाही. आयसीएमआरच्या २०२३ मध्ये छापून आलेल्या पाहणीत मधुमेहाचं सर्वांत जास्त प्रमाण गोव्यात निघालं, २६.४ टक्के. तुझं काम ज्यांच्यासाठी आहे त्यातले कितीतरी जण डिचोली, केपे, काणकोणच्या आरोग्य केंद्रांत रांगेत बसलेत. ते तिथे नक्की कशामुळे उशिरा येतात, हे तू त्यांना त्यांच्या भाषेत विचारू शकतेस. तो प्रश्न तुझ्या प्रस्तावात असू दे.

पुष्कळ ठिकाणी निधीच्या अर्जांची मुदत डिसेंबर-जानेवारीत संपते. दिवाळीच्या आत चार-पाच गाईडांची नावं आणि पत्राचा मसुदा मला पाठव. मी वाचून, खुणा करून परत देतो.