नेट स्लो आहे, पण नेमकं कुठं अडकतंय? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

या महिन्यात आलेले बहुतेक प्रश्न एकाच दुखण्याचे आहेत. घरात वायफाय आहे, प्लॅनचे पैसे वेळेवर भरले जातायत, आणि तरी टीव्हीवर ते गोल चक्र फिरत बसतं नाहीतर लॅपटॉपवर साधं पान उघडायला वेळ लागतो. म्हणून त्यातले पाच प्रश्न एकत्रच घेतलेत. एक गोष्ट आधीच सांगतो, मोठा प्लॅन घेणं हा उपाय सगळ्यात शेवटचा ठेवा. आपल्याकडं लोक कष्टाच्या पैशातनं दर महिन्याला दोनशे-तीनशे जास्तीचे भरतात आणि मागच्या खोलीत फरक शून्य पडतो, हे बघून मला खरंच वाईट वाटतं.

प्रश्न : भवानी पेठेत आमचं जुनं दगडी भिंतीचं घर आहे. राउटर पुढं सोप्यात, जिथनं वायर आत आली तिथंच दाराच्या वर ठोकून गेलेत. मधे स्वयंपाकघर, मागच्या खोलीत टीव्ही. १०० एमबीपीएसचा प्लॅन आहे पण मागं पिक्चर लावला की सारखा अडकायलाय. नेटवाला म्हणतोय २०० चा घ्या. घ्यावा का दादा?
— एक वाचक, भवानी पेठ, सोलापूर

नका घेऊ, निदान आत्ता तरी नको. आधी घरातल्या घरात एक टेस्ट करा, मोबाइलवर फास्ट डॉट कॉम उघडा, ती नेटफ्लिक्सचीच साइट आहे, उघडली की आपोआप स्पीड मोजायला लागते. पहिल्यांदा राउटरपासून पाच-सहा फुटांवर उभं राहून बघा, मग स्वयंपाकघरात, मग टीव्हीसमोर. सोप्यात ९० आणि मागं ८ आलं तर लाइन एकदम ठणठणीत आहे असं समजा, तुमचा स्पीड बाहेरच्या रस्त्यावर नाही तर तुमच्याच घराच्या भिंतीत अडकतोय. अशा वेळी २०० चा प्लॅन म्हणजे गच्चीवरची टाकी मोठी केली पण खाली येणारा पाइप चोंदलेलाच ठेवला, नळाला धार तेवढीच येणार.

आणि तुम्हाला लागतंय तरी किती? फुल एचडीला ५ एमबीपीएस आणि फोरकेला १५ एमबीपीएस पुरतं असं नेटफ्लिक्स स्वतः सांगतं. म्हणजे तुमच्या टीव्हीपर्यंत १०० मधले २०-२५ जरी नीट पोचले तरी काम झालं.

आता ते पोचत का नाहीत ते बघू. बहुतेक घरांतलं वायफाय दोन बँडवर, म्हणजे लहरींच्या दोन पट्ट्यांवर चालतं, २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ. ५ वाला जोरात पळतो पण भिंतीला लवकर थकतो, २.४ वाला लांब जातो पण त्याचा स्पीड कमी आणि गर्दी जास्त. दीड-दोन फुटी दगडी भिंत दोघांनाही जड जाते आणि तुमच्याकडं वाटेत अशा दोन भिंती आहेत. त्यात स्वयंपाकघर मधे. स्टीलच्या भांड्यांची मांडणी, फ्रीजचा पत्रा, गोदरेजचं कपाट, धातूवरनं लहरी मागं फिरतात. आणि एक गोष्ट आपल्या गावात फार महत्त्वाची आहे पण कुणी बघतच नाही, ती म्हणजे पाणी. सोलापुरात पाणी रोज येत नाही, त्यामुळं घरोघरी ड्रम, पिंप, टाक्या भरून ठेवलेल्या असतात, आणि भरलेला ड्रम वायफायच्या लहरी चांगल्याच शोषून घेतो. उन्हाळ्यात त्यात कूलरची भर पडते, बाहेरनं पत्रा, आत पाणी, आणि बरेच जण राउटर नेमका कूलरच्या मागच्या खिडकीत ठेवतात. ज्या दिवशी पाणी येऊन सगळं भरलेलं असतं त्या दिवशी एकदा टेस्ट करा आणि ड्रम रिकामे झाल्यावर पुन्हा करा, फरक पडला तर गुन्हेगार सापडला.

करायचं काय ते सांगतो. सगळ्यात चांगला आणि सगळ्यात टिकाऊ उपाय म्हणजे सोप्यातल्या राउटरपासून मागच्या खोलीपर्यंत एक लॅन केबल ओढून घ्या. कॅट सिक्स मागा, एका तुकड्यात १०० मीटरपर्यंत चालते, तुमच्या घराला त्याच्या पाव भाग पण लागायची नाही. वायर टीव्हीच्या लॅन पोर्टात थेट लावा. मागच्या खोलीत वायफाय पण पाहिजे असेल तर तिथं दुसरा राउटर ठेवून त्याच केबलला जोडा, घरात जुना पडला असेल तरी चालतो, फक्त त्याच्या सेटिंगमधे डीएचसीपी, म्हणजे प्रत्येक मोबाइल-टीव्हीला नेटवर्कचा पत्ता वाटायचं काम, बंद करायचं, त्याचा स्वतःचा पत्ता पहिल्या राउटरपेक्षा वेगळा ठेवायचा आणि केबल वॅनच्या (बाहेरनं नेट येतं त्या) नाही, लॅनच्या (घरातली उपकरणं जोडायच्या) भोकात लावायची. काही राउटरमधे ॲक्सेस पॉइंट मोड असा पर्यायच असतो, तो निवडला की हे सगळं तो आपोआप करतो.

रिपीटर, म्हणजे राउटरचा सिग्नल पकडून पुढं फेकणारा छोटा डबा, घ्यायचा मोह होईल कारण तो स्वस्त आहे आणि भिंतीला भोक पाडावं लागत नाही. पण साधा रिपीटर ऐकायला आणि बोलायला एकच बँड वापरतो, त्यामुळं स्पीड जवळजवळ निम्मा होतो, आणि लोक तो नेमका जिथं सिग्नल मेलेला आहे तिथं लावतात. घेतलाच तर स्वयंपाकघराच्या अलीकडं, जिथं सिग्नल अजून चांगला आहे तिथं लावा.

राउटर दुसरीकडं हलवायचा असेल तर फायबरच्या पिवळ्या नाहीतर पांढऱ्या वायरीला स्वतः ओढाताण करू नका, ती आत काचेची असते, खिळ्याला गुंडाळली किंवा कोपऱ्यात घडी घालून दाबली की आतनं नेट घेऊन येणारा उजेड गळतो. डब्यावर एलओएस नावाचा दिवा लाल झाला तर समजा की फायबरचा सिग्नल येत नाही, तेव्हा मात्र नेटवाल्यालाच बोलवा.

प्रश्न : आमचा फ्लॅट जुळे सोलापूरला. दिवसभर नेट मस्त चालतं, रात्री नऊ ते अकरा मात्र मुलांचा व्हिडिओ पण धड लागत नाही. राउटर तीनदा बंद-चालू करून झाला. कंपनीला फोन केला तर "मॅडम आमच्याकडून सगळं ठीक आहे" एवढंच सांगतात.
— एक गृहिणी, जुळे सोलापूर

ताई, वेळ ठरलेली आहे म्हणजे राउटर बिघडलेला नाही, गर्दी होतेय. आता गर्दी दोन ठिकाणी होऊ शकते आणि ती कुठं आहे हे तुम्हालाच शोधता येतं. रात्री साडेनऊला लॅपटॉप लॅन केबलने थेट राउटरला जोडा, लॅपटॉपचं वायफाय बंद करा, घरातले बाकीचे मोबाइल-टीव्ही दहा मिनिटं नेटवरून काढा, आणि टेस्ट घ्या. लॅपटॉपला लॅनचं भोक नसेल तर यूएसबीला लावायचा लॅन अडॅप्टर मिळतो.

केबलवर पण स्पीड पडलेला दिसला तर दोष बाहेरचा. फायबरची एक लाइन स्प्लिटर लावून बऱ्याच घरांत वाटलेली असते, आणि त्याच्या पुढं कंपनीची जी मोठी लाइन असते ती सगळ्या भागाची मिळून असते, जेवणं उरकून सगळे एकदम टीव्हीसमोर बसले की ती अपुरी पडते. मग तीन-चार दिवस रात्रीच्या आणि दुपारच्या टेस्टचे स्क्रीनशॉट ठेवा, त्यात वेळ दिसली पाहिजे. तक्रार करताना तक्रार नंबर मागून घ्या, तोंडी बोलण्यावर सोडू नका. उत्तराने समाधान झालं नाही तर त्याच कंपनीच्या अपिलीय अधिकाऱ्याकडं दाद मागता येते, ट्राय म्हणजे टेलिकॉम कंपन्यांवर लक्ष ठेवणारी सरकारी संस्था, तिच्या २०१२ च्या नियमांनी ही दोन पायऱ्यांची सोय केलेली आहे आणि ते अपील फुकट असतं. शांतपणे पण ठामपणे मागं लागा, पैसे तुम्ही रात्रीचे पण भरताय.

केबलवर स्पीड पूर्ण आला आणि वायफायवरच पडला तर गर्दी तुमच्या बिल्डिंगमधल्या हवेत आहे. २.४ गिगाहर्ट्झवर एकमेकांवर न चढणारे चॅनल, म्हणजे त्या पट्ट्यातल्या लेन, फक्त तीनच आहेत, १, ६ आणि ११, आणि अपार्टमेंटमधे वर, खाली, शेजारी मिळून पंधरा-वीस राउटर सहज असतात. तर पहिलं काम, टीव्ही आणि मोबाइल ५ गिगाहर्ट्झवर टाका, तिथं चॅनल भरपूर आहेत आणि शेजाऱ्याचा सिग्नल भिंतीतच अडकतो, म्हणजे फ्लॅटमधे त्याचा तोच दुबळेपणा आपल्या फायद्याचा. दोन्ही बँडचं नाव एकच असेल तर राउटरच्या सेटिंगमधे वेगळी नावं द्या. सेटिंग उघडायला ब्राउझरमधे बहुतेक वेळा १९२.१६८.१.१ टाकावं लागतं, आकडे इंग्रजीत टाकायचे, आणि नेमका पत्ता राउटरच्या खालच्या स्टिकरवर असतो. २.४ ठेवायचाच असेल तर चॅनल १, ६, ११ पैकी कमी गर्दीचा निवडा आणि चॅनलची रुंदी २० मेगाहर्ट्झ करा, ४० ठेवून अशा गर्दीत काही फायदा होत नाही. मायक्रोवेव्ह पण याच २.४ च्या आसपास चालतो, रात्रीचं जेवण त्यातच गरम होत असेल तर तेही लक्षात घ्या.

प्रश्न : मी इंजिनिअरिंगला आहे, हॉटगी रोडला राहतो. एकाच टेबलावर मोबाइलला ९० मिळतात आणि माझ्या जुन्या लॅपटॉपला ३५ च्या वर जातच नाही. फॉरमॅट मारू का?
— एक विद्यार्थी

अरे फॉरमॅट नको मारू, तुझा डेटा आणि एक रविवार दोन्ही जाईल. विंडोजच्या सेटिंगमधे वायफायवर जा, तुझ्या नेटवर्कच्या प्रॉपर्टीज उघड, तिथं बँड आणि लिंक स्पीड लिहिलेला असतो. बँड २.४ आणि लिंक स्पीड ७२ दिसला तर समज की लॅपटॉपमधलं वायफाय कार्ड एका अँटेनाचं जुनं एन प्रकारचं (८०२.११एन) आहे, हे वायफायचं स्टँडर्ड २००९ चं. लिंक स्पीड हा कागदावरचा आकडा असतो, प्रत्यक्षात साधारण निम्मा हातात येतो, म्हणजे तुझे ३५ अगदी बरोबर आहेत, लॅपटॉप त्याच्या ताकदीप्रमाणंच चाललाय. ड्युअल बँड यूएसबी वायफाय अडॅप्टर घे, एसी (८०२.११एसी, एनच्या नंतरचं स्टँडर्ड) किंवा त्याच्या पुढचा, आणि घेताना बॉक्सवर ५ गिगाहर्ट्झ लिहिलंय ना ते स्वतः वाचून घे, बिनकामाचे बारके डोंगल फक्त २.४ चे पण येतात.

बँड ५ दिसला आणि तरी स्लो असेल तर मग लॅपटॉपच्या आत बघ. टास्क मॅनेजर उघडून नेटवर्कच्या रकान्यावर क्लिक कर, सगळ्यात जास्त कोण ओढतंय ते वर येतं. विंडोज अपडेट, वन ड्राइव्ह, गेमचं लाँचर, हेच असतात बहुतेक. कॉलेजचं नाहीतर कुठलं फुकटचं व्हीपीएन, म्हणजे सगळं नेट दुसऱ्या सर्व्हरवरून फिरवून आणणारं ॲप, चालू राहिलंय का तेही बघ. ड्रायव्हर लॅपटॉप कंपनीच्या साइटवरूनच घे. आणि यूएसबी ३ ची हार्डडिस्क लावल्यावरच २.४ चं वायफाय लोळत असेल तर तो भास नाही, त्या पोर्टातनं आणि वायरीतनं निघणारा गोंधळ २.४ च्या पट्ट्यात पडतो हे इंटेलनं २०१२ मधेच दाखवलंय. डिस्क दुसऱ्या बाजूच्या पोर्टात लाव.

प्रश्न : खाली आमचे माग, वर घर. सकाळी माग चालू झाले की नेट जातंय नाहीतर मंद पडायलंय. टीव्हीला मागनं स्टिक लावलीय ती तर लईच अडकायलीय. मोटारीमुळं वायफाय बिघडतं का?
— एक यंत्रमागधारक, अशोक चौक परिसर

मागाची मोटर २.४ किंवा ५ गिगाहर्ट्झवर काही पाठवत नाही, त्यामुळं हवेतल्या लहरींचा दोष मोटारीला देता येत नाही. पण मोटर सुरू होताना मोठा करंट ओढते आणि व्होल्टेज क्षणभर बसतं. मालक, उद्या सकाळी कुणालातरी राउटरसमोर उभं करा आणि मग बटण दाबा. दिवे विझून पुन्हा लागले तर राउटर रिस्टार्ट होतोय, म्हणजे दुखणं विजेचं आहे. राउटरला घरच्या वेगळ्या लाइनवर घ्या आणि राउटरसाठी मिळतो तो छोटा यूपीएस लावा. यूपीएस घेताना अडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर जुळवून घ्या, १२ व्होल्ट २ अँपिअरच्या जागी १ अँपिअरचा लावला तर राउटर लोड आला की अडखळणारच.

दिवे तसेच राहिले तर राउटर कुठं आहे ते बघा. खाली कारखान्यात असेल तर वर घरात सिग्नल सळयांच्या स्लॅबमधनं आणि मागांच्या लोखंडाच्या गर्दीतनं यायचाय. शिवाय सुताचा तूस राउटरच्या भोकांत बसतो, हवा खेळत नाही आणि डबा तापतो, सोलापूरच्या एप्रिल-मेमधे हे फार महागात पडतं. राउटर वर घरात घ्या, बंद करून कोरड्या ब्रशने साफ करा.

टीव्हीवर नेटवरचे पिक्चर दाखवणाऱ्या स्टिकचं वेगळं आहे. ती टीव्हीच्या पाठीमागं पॅनल आणि भिंतीच्या सापटीत बसते, पुढं टीव्हीचा पत्रा आणि वर टीव्हीचीच गरमी. स्टिकच्या बॉक्समधे बहुतेक वेळा एचडीएमआयची छोटी वायर येते, ती लावून स्टिक टीव्हीच्या बाहेर काढा, एवढ्यानंच कितीतरी घरांत फरक पडतो. पॉवर टीव्हीच्या यूएसबीतनं न देता तिच्या स्वतःच्या अडॅप्टरमधनं द्या. स्टोरेज भरलं असेल तर न वापरलेले ॲप काढून टाका.

प्रश्न : १०० चा प्लॅन आहे पण फाइल डाउनलोड होताना १२ च दाखवतो. कंपनी फसवतेय का?
— एक वाचक, विजापूर रोड

नाही हो काका, पूर्ण मिळतंय तुम्हाला. प्लॅन मेगाबिटमधे सांगतात आणि डाउनलोड बहुतेक मेगाबाइटमधे दिसतं. ८ बिटचा एक बाइट, १०० भागिले ८ म्हणजे साडेबारा. १२ दिसतायत तर लाइन चांगली आहे. ३-४ वर येऊन अडकलं तर मात्र वरच्या पहिल्या उत्तरातली खोली-खोलीची टेस्ट करून आकडे पाठवा, पुढच्या अंकात बघू.