अख्खं गाव एकाच बिल्डिंगमध्ये राहतं: अलास्कातलं व्हिटियर

तुम्ही विचारलंय की उत्तरेकडच्या एखाद्या छोट्या गावाबद्दल आणि तिथल्या लोकांबद्दल सहसा माहीत नसलेल्या गोष्टी सांगा. माझं उत्तर व्हिटियर, अलास्का. मी लालबागच्या चाळीत वाढलोय त्यामुळे या गावाबद्दल वाचायला लागलो तेव्हापासून त्याचा नादच लागलाय.

२०२० च्या जनगणनेत तिथे २७२ माणसं होती आणि त्यातली बहुतेक सगळी बेगिच टॉवर्स नावाच्या १४ मजली बिल्डिंगमध्ये राहतात (काही जण शेजारच्या एका छोट्या बिल्डिंगमध्ये). पोस्ट, दवाखाना, किराणा दुकान, लाँड्री सगळं त्यातच, आणि शाळेत जायला खालून भुयारी रस्ता आहे, म्हणजे बाहेर बर्फाचं वादळ चालू असलं तरी पोरं लिफ्टने खाली उतरतात आणि जॅकेट न घालता थेट वर्गात. आमच्या चाळीत बिऱ्हाडं जवळ होती पण पोस्ट आणि शाळा काही जिन्याखाली नव्हती!

आता एवढ्या थंडीत गाव वसवलं कोणी, तर अमेरिकन लष्कराने, दुसऱ्या महायुद्धात. इथलं बंदर हिवाळ्यातही गोठत नाही आणि डोंगर अन ढग एवढे की वरून शत्रूच्या विमानांना काही दिसत नाही. पावसाचं म्हणाल तर मुंबईच्या जवळपास दुप्पट, वर्षाला साधारण ५००० मिमी (बर्फ धरून), आणि आपल्यासारखा चार महिन्यांत उरकत नाही. १९६० मध्ये लष्कर निघून गेलं, १९६४ च्या ९.२ च्या भूकंपात आणि त्सुनामीत इथली १३ माणसं गेली, तरी गाव टिकलं.

बाहेर जायला रस्त्याने एकच वाट, डोंगरातला ४ किमीचा बोगदा, तोही एका लेनचा, आणि त्याच लेनमध्ये रेल्वेचे रूळ. आधी नुसती ट्रेनच जायची, गाड्यांसाठी २००० मध्ये उघडला. थोडा वेळ आत येणाऱ्या गाड्या, मग बाहेर जाणाऱ्या, मध्ये ट्रेन आली तर सगळे थांबा, आणि रात्री बोगदा बंद. अँकरेजला (जवळचं मोठं शहर) गेलात आणि शेवटची वेळ चुकली तर सकाळपर्यंत घर विसरा.

पण मला सगळ्यात जास्त सांगायचंय ते तिथल्या सामोअन लोकांबद्दल. अमेरिकन सामोआ म्हणजे पॅसिफिक महासागरातली अमेरिकेच्या ताब्यातली बेटं. तिथे जन्मलेल्यांना अमेरिकेचा पासपोर्ट मिळतो, ते सैन्यात जातात, टॅक्स भरतात, पण जन्माने नागरिकत्व मिळत नाही, ते फक्त अमेरिकेचे 'नॅशनल' धरले जातात, म्हणजे अलास्कातल्या निवडणुकांत मत देता येत नाही. या गावातली अशीच एक सामोअन बाई शाळेच्या बोर्डावर निवडून आली आणि २०२३ मध्ये तिलाच अटक झाली, कारण मतदार नोंदणीच्या फॉर्मवर तिने स्वतःला नागरिक लिहिलं होतं. तिचं म्हणणं की 'नॅशनल' असा पर्याय फॉर्मवर नव्हताच. पुढे २०२५ मध्ये गावातल्या आणखी दहा जणांवर असेच आरोप ठेवले. मला हे फार अन्यायाचं वाटतं. शेजाऱ्यांनीच तिला मतं दिली होती, पोरांच्या शाळेचं काम बघ म्हणून. आणि २७२ माणसांच्या गावात अकरा जण कोर्टात म्हणजे बिल्डिंगमधली किती घरं त्यात अडकली असतील बघा.