नागपुरातले गोटी सोड्याचे छोटे कारखाने कसे चालायचे आणि बंद का पडले?

'कारखाना' म्हणजे बहुतेक वेळा घराची पुढची खोलीच. इतवारीतल्या आमच्या ओळखीच्या एका घरात पाण्याची टाकी, गॅसचं सिलिंडर आणि हाताने फिरवायची लोखंडी चौकट, एवढंच होतं. बाटली मूळची इंग्लंडची, हायरम कॉड यांच्या 1872 च्या पेटंटमधली. भरताना ती उलटी करायची. गोटी मानेत घसरायची, अन् आतला गॅसच तिला रबरी रिंगेवर दाबून धरायचा. म्हणजे झाकणाचा खर्चच नाही! ओतताना गोटी परत तोंडाशी येऊ नये म्हणून मानेला खाचा असतात. नवख्याला ते जमायचं नाही, सोडा अंगावर.

खरं भांडवल बाटलीत अडकायचं. रिकामी परत आली तरच धंदा, म्हणून माल हातगाडी पोचेल तेवढ्याच मोहल्ल्यांत. 1977 मध्ये कोका-कोला देशातून गेली तरी या मंडळींचं राज्य काही आलं नाही, थम्स अप होतंच. पुढे 1993 मध्ये कोका-कोला परतली, मग प्लास्टिकची बाटली आली, ती परत मागायची भानगडच नाही. माझ्या मते यांना चवीने नाही, त्या रिकाम्या बाटलीने मारलं.