अर्धशिशीतली 'शिशी' कुठली?

प्रश्न असा आला आहे: मायग्रेनला मराठीत अर्धशिशी म्हणतात, मग त्यात ही शिशी, म्हणजे बाटली, कशी शिरली? आणि खुद्द 'मायग्रेन'चा अर्थ काय?

बाटलीचा इथे काहीच संबंध नाही. ती शिशी फारसी 'शीशा'कडून आली. आपली शिशी म्हणजे डोकं. संस्कृत 'शीर्ष'चं प्राकृतात 'सीस' झालं. मराठीत इ-ईच्या आधीचा 'स' पुष्कळदा 'श' होतो, 'सीवन'चं शिवणं झालं तसा. हिंदीत तो 'स'च राहिला, म्हणून तिकडे आधासीसी.

'मायग्रेन'चं मूळ ग्रीक 'हेमिक्रानिया'. हेमि म्हणजे अर्धं, क्रानिऑन म्हणजे कवटी. दुसऱ्या शतकातल्या गेलन या वैद्याने हा शब्द वापरला आहे. लॅटिनमार्गे तो फ्रेंचमध्ये पोहोचला तोवर पुढचा 'हे' गळून पडला होता. अर्ध्या डोक्याच्या दुखण्याचं नाव, आणि त्याचंच डोकं उडालं! इंग्रजीत आधी त्याचं 'मेग्रिम' झालं. त्याला लहर, उदासी असे अर्थ चिकटले, आणि आजारासाठी फ्रेंच वळणाचं 'मायग्रेन'च रूढ झालं.

मला याहून रस आहे तो नात्यात. संस्कृतात 'सामि' म्हणजे अर्धं, आणि ग्रीक 'हेमि' हे त्याचंच भावंड. शब्दारंभीच्या 'स'चा ग्रीकमध्ये 'ह' होतो. आपलं सप्त, त्यांचं हेप्ता. क्रानिऑन आणि आपलं शिरस् हेही एकाच मुळातले. म्हणजे 'मायग्रेन' आणि 'अर्धशिशी' यांतलं डोकं एकाच घराण्यातलं आहे, 'अर्ध' तेवढा वेगळ्या मुळातला.

आयुर्वेदातला शब्द 'अर्धावभेदक'. हे दुखणं पंधरवड्याने, दहा दिवसांनी किंवा अचानक उठतं, असं सुश्रुतसंहितेत म्हटलं आहे. सूर्याबरोबर चढणारी आणि उतरणारी डोकेदुखी तिथे 'सूर्यावर्त' या नावाने वेगळी मोजली आहे. बोलीत मात्र तिलाही सर्रास अर्धशिशीच म्हणतात.

वापराबद्दल एवढंच, की नावात 'अर्ध' असलं तरी मायग्रेन दोन्ही बाजूंनीही दुखू शकतं, आणि एका बाजूची प्रत्येक डोकेदुखी मायग्रेन नसते. त्यामुळे बोलण्यात अर्धशिशी खुशाल म्हणा, पण वैद्यकीय मजकुरात मी 'मायग्रेन'च लिहीन.